मुठीची खिचडी

"सतरंज्या झटकून झाल्या का गं, शशी?" आत्याबाईंनी आतून विचारलं.

"झाल्या."

"परत झटक. सोनूबाईला धुळीनं शिंका येतात. मागच्या वर्षी ऐन शास्त्रपाठात शिंकायला लागली, आणि अध्याय राहिला बाजूला."

"आत्याबाई, मागच्या वर्षीच्या शिंका मागच्या वर्षाबरोबर गेल्या."

"तोंड चालवू नकोस. हात चालव."

मी पुन्हा अंगणात गेले आणि स्वच्छ सतरंजी कडुनिंबाच्या बुंध्यावर आपटत बसले. सासूशी वाद घालायची खोड मला माहेराहून आली होती. पण त्या दिवशी मी तो वाढवला नाही, कारण ही झाडझूड सोनूबाईंसाठी नाही हे मला ठाऊक होतं. भांडी घासून लख्ख केली होती, उंबरठा पुसला होता, खिडकीला धुतलेला पडदा लावला होता, आणि ते सगळं एकाच बाईसाठी चाललं होतं. तिचं नाव मात्र आत्याबाई सकाळपासून घेत नव्हत्या.

आमचं मिशन कंपाउंड म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला चिकटलेली कौलारू खोल्यांची रांग. एका टोकाला देऊळ, म्हणजे आमचं चर्च, दुसऱ्या टोकाला शाळा, आणि मधे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. माझ्या सासूबाई, दीनाबाई चक्रनारायण, यांना मी आत्याबाई म्हणायची. दर शुक्रवारी संध्याकाळी चार घरच्या बायका एखाद्या घरी जमायच्या. गीत, शास्त्रपाठ, मग एकेकीची प्रार्थना आणि चहा. हिला आमच्यात 'बैठक' म्हणत. उन्हाळ्यात पोरंबाळं सुट्टीला यायची म्हणून बैठक बंद. शाळा उघडली की बैठक उघडायची, आणि हंगामाची पहिली बैठक कायम आमच्याकडे. त्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या घरून मूठभर तांदूळ आणायचे. सगळ्या मुठी एका पातेल्यात पडायच्या, त्यात आत्याबाई डाळ घालायच्या आणि खिचडी शिजायची. ती खाल्ली की वर्षभर एकमेकींचं दुःख वाटून घ्यायचं, असा जुना रिवाज. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. खिचडी मात्र दरवर्षी बुडाला लागायची, ते सोडा.

आता आत्याबाईंच्या प्रार्थनेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

बाकीच्या बायका देवाला मोघम सांगायच्या, आजाऱ्यांना बरं कर, दुःखितांचं सांत्वन कर. आत्याबाईंना तसलं मोघम चालत नसे. त्या देवाला पत्त्यासकट सांगायच्या. "प्रभू, पाण्याच्या टाकीशेजारी राहणाऱ्या शांतवन मास्तरांच्या डाव्या गुडघ्यावर तुझा हात ठेव. उजवा बरा आहे." मी पदराआड हसायची. एकदा रात्री विचारलं, "आत्याबाई, देवाला काय ठाऊक नाही का कुठला गुडघा ते?" तर म्हणाल्या, "त्याला ठाऊक आहे गं. पण आपण मनापासून मागतोय हे त्याला कळायला नको?" बाई खरी होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ज्याच्यासाठी प्रार्थना करायच्या त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जायच्या. पण तोंडात तीळ भिजायचा नाही, हेही तितकंच खरं.

त्यांची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे मालनमावशी भांबळ. विधवा बाई. मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. एकुलती एक मुलगी, रिबेका, सगळे रिबी म्हणायचे. शाळेच्या बालवाडीत शिकवायची. रिबीला लहानपणी फिट्स यायच्या. गोळ्या चालू होत्या आणि कैक वर्षांत एकही आली नव्हती. कंपाउंडातसुद्धा नव्या माणसांना माहीत नव्हतं. त्या वर्षी रिबीचं लग्न संगमनेरच्या एका मास्तरशी ठरलं. मुलगा शांत, घर चांगलं. मालनमावशीला मात्र झोप लागेना. मुलाकडच्यांना सांगायला हवं, लपवून लग्न करायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवलं होतं, पण शब्द ओठांवर येत नव्हते. एके दुपारी आमच्या ओट्यावर बसून ती आत्याबाईंना म्हणाली, "ताई, पुढच्या आठवड्यात जाऊन मी त्यांना सगळं सांगणार आहे. मला धीर येऊ दे, एवढी प्रार्थना करा."

"करते गं बाई. करणार नाही तर काय!" आत्याबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी केली. उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, देवळात बायकांचा मेळावा होता. बाहेरगावच्या चर्चमंडळ्यांतून बायका आल्या होत्या. आत्याबाईंना प्रार्थनेसाठी उभं केलं. डोळे मिटले आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. "प्रभू, आमच्या मालन भांबळला धीर दे. तिच्या रिबेकाला लहानपणापासून ज्या फिट्स येतात, त्याबद्दल संगमनेरच्या सोयऱ्यांना सांगायला तिला तोंड दे."

मालनमावशी माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या हातावर होता, तो गारठत गेलेला मला कळला. पुढच्या ओळीत मुलाची सख्खी आत्या बसली होती. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्या देवळानं "आमेन" म्हटलं. मुलाच्या आत्यानंसुद्धा म्हटलं.

आठवड्याच्या आत सोयरीक मोडली. 'आम्हाला फसवणार होतात' असा निरोप आला. जी बाई सांगायला निघाली होती, तीच लबाड ठरली.

आत्याबाई आधी हटून बसल्या. "मी काय खोटं बोलले? देवासमोर बोलले. देवासमोर लपवायचं असतं का?" मी म्हटलं, "देवासमोर बोललात, पण देवळात बोललात." त्यावर माझ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. पण नंतर रिबीला बालवाडीत, लेकरांच्या गराड्यात, फिट आली. इतक्या वर्षांनी. लेकरं किंचाळत पळाली. रिबीनं दुसऱ्या दिवशी काम सोडलं आणि ती घरात बसली, ती बसलीच. ते ऐकलं आणि आत्याबाईंचा हट्ट पार विरघळला. त्या मालनमावशीच्या घरी गेल्या. मावशी गहू पाखडत होती. तिनं "बसा" म्हटलं, पाणी दिलं आणि पाखडत राहिली. आत्याबाई रडल्या, हात जोडले, पदर पसरला. मावशीचं सूप काही थांबलं नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्यावर कोंडा उडालेला होता.

सगळा उन्हाळा असा गेला. नळावर आत्याबाई दिसल्या की मावशी घागर उचलून मागे फिरायची. आत्याबाईंचं जेवण तुटलं. चेहरा एवढासा झाला. आणि एकदा भाकऱ्या थापता थापता मला म्हणाल्या, "शशी, हंगामाच्या पहिल्या बैठकीला मालन आली पाहिजे."

"नाही आली तर?"

"आली पाहिजे. ती येऊन सतरंजीवर बसली, माझ्या हातची खिचडी तिनं खाल्ली, की मी समजेन."

"काय समजाल?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "की देवानं मला टाकलेलं नाही."

म्हणून त्या सतरंज्या दोनदा झटकल्या जात होत्या.

ऊन कलायला लागलं तशा आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "मी गेले तर ती दार लावेल. तुझ्यावर राग नाही तिचा."

"आणि नाही म्हणाली तर काय सांगू?"

"काही सांगू नकोस. परत ये."

मी गेले. मालनमावशीचं दार उघडं होतं. आत अंधारात खाटेवर रिबी भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढी हसरी पोर, बालवाडीची लेकरं तिच्या ओढणीला लोंबकळायची. मी हाक मारली, "रिबी, बरी आहेस का गं?" तिनं मान वळवली नाही. केसांत फणी फिरून कितीतरी दिवस झाले असावेत.

मालनमावशी चुलीपाशी होती. "सलाम, मावशी," मी म्हटलं.

"सलाम. ये. उभी का?"

"आज बैठक आहे. हंगामाची पहिली. आत्याबाईंनी... आम्ही सगळ्यांनी सांगितलंय. तुम्ही यायला पाहिजे."

मला वाटलं, आता एखादी शिवी तरी येईल. खरं सांगते, शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

"येते म्हणावं," ती म्हणाली.

मला खरंच वाटेना. "याल?"

"येते म्हटलं ना." तिनं लाकूड आत सारलं. "शेवटची प्रार्थना कोणाकडे आहे?"

"दरवर्षी आत्याबाईच करतात की. घर त्यांचं."

"या वर्षी माझ्याकडे द्या म्हणावं."

मी तिच्याकडे बघत राहिले. रागाचं नाव नाही, डोळ्यांत पाणी नाही. चूल फुंकणाऱ्या बाईचा असतो तसा साधा, थकलेला चेहरा. मला काहीतरी खटकलं, पण आनंदाच्या भरात मी ते झटकून टाकलं आणि जवळजवळ पळतच घरी आले.

"येतेय! शेवटची प्रार्थना मला द्या म्हणतेय!"

आत्याबाई भिंतीला टेकल्या. "स्वतःहून म्हणाली?"

"स्वतःहून."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मलाच ओरडल्या, "अगं मग उभी काय राहिलीस ठोंब्यासारखी? पातेलं घे! आणि ते मोठं घे, छोटं नको! या वर्षी खिचडी पुरली पाहिजे."

आधी सोनूबाई कसबे आल्या. सत्तरीच्या पुढच्या, डुलक्या काढण्यात पटाईत, पण "होय, प्रभू" म्हणण्यात सगळ्यांच्या पुढे. आमच्यात प्रार्थना चालू असताना प्रत्येक मागण्याला बाकीच्या "होय, प्रभू" म्हणून हुंकार देतात आणि शेवटी सगळ्या मिळून "आमेन". सोनूबाईंचा हुंकार अर्ध्या झोपेतही चुकत नसे. त्यांनी रुमालातून तांदूळ काढून पातेल्यात टाकले. मग पाळकसाहेबांची नवी बायको करुणाबाई आल्या. शहरातल्या, तरुण, घाबरट. त्यांनी डबाभर तांदूळ आणले होते. आत्याबाईंनी डबा परत केला. "मूठ, बाई, मूठ. तुमचा डबा पडला तर आमच्या मुठी दिसायच्या नाहीत."

मी माझी मूठ घातली. आत्याबाईंनी त्यांची. मग सगळ्यांचे डोळे दाराकडे.

मालनमावशी आली. धुवट पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. दारात चपला काढल्या, "सलाम" म्हणाली आणि सतरंजीवर बसली. नेहमीच्या तिच्या जागी, खिडकीखाली. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मावशी रिकाम्या हातानं आली होती.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. स्वयंपाकघरात त्या माझ्या मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "विसरली असेल."

"मावशी आजवर कधी विसरल्या नाहीत."

"घरी पोरीचं तसं. डोकं ठिकाणावर राहतं का माणसाचं?" त्यांनी आपला तांदळाचा डबा उघडला आणि एक मूठ भरून घेतली, आपल्या मुठीपेक्षा मोठी. "ही मालनच्या नावाची," म्हणाल्या आणि पातेल्यात सोडली. इतक्या दिवसांनी बाईच्या चेहऱ्यावर रंग आला होता, तो कशाला घालवू?

खिचडी चुलीवर ठेवून आम्ही बसलो. गीत झालं. मालनमावशी गायली नाही, पण ओठ हलत होते, निदान मला तसं दिसलं. करुणाबाईंनी शास्त्रपाठ वाचला. अडखळत वाचला, पण सोनूबाईंना त्या दिवशी एकही शिंक आली नाही. मग एकेकीच्या प्रार्थना. सोनूबाईंची नातवाच्या परीक्षेसाठी. माझी नेहमीची, घराण्यासाठी. मग आत्याबाईंची पाळी आली. त्यांनी एवढंच म्हटलं, "प्रभू, मला क्षमा कर," आणि थांबल्या. पत्ता नाही, नाव नाही. त्यांच्या तोंडून इतकी छोटी प्रार्थना मी तोवर ऐकली नव्हती. आम्ही म्हटलं, "आमेन."

खिचडीचा वास येत होता. बुडाला लागतेय की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मालनमावशीनं सुरुवात केली. तिचा आवाज मऊ, एका लयीतला, अंगाई म्हटल्यासारखा. वसतिगृहातल्या पोरी म्हणायच्या, मालनमावशीच्या प्रार्थनेत झोप लागते.

"हे आमच्या बापा, तू आम्हाला पुन्हा एकत्र आणलंस, म्हणून तुझे आभार."

"होय, प्रभू," आम्ही म्हटलं.

"या घरासाठी आभार. इथल्या चहासाठी, सतरंजीसाठी आभार."

"होय, प्रभू."

"आजाऱ्यांना हात लाव. सोनूबाईंच्या नातवाला बुद्धी दे."

"होय, प्रभू!" सोनूबाई एक ठोका मागे, पण सगळ्यांत मोठ्यानं.

"आमच्या लेकीबाळींना सांभाळ. ज्या घराबाहेर पडत नाहीत, ज्यांना आपल्या लेकरांसमोर जायची लाज वाटते, त्यांना सांभाळ."

"होय, प्रभू." आत्याबाईंचा आवाज भरून आला होता.

"आम्ही बाया बोलतो फार. तुझ्या नावानं बोलतो. आमची तोंडं बंद कर."

"होय, प्रभू."

"आमच्या मनातलं पुन्हा या खोलीत कोणाच्या कानी पडू देऊ नकोस."

"होय, प्रभू."

"ही बैठक आजच्या आज मोड, बापा. हिच्यातून पुन्हा कोणाची लेक उद्ध्वस्त होऊ देऊ नकोस."

"होय, प्रभू."

"या घराची पायरी मला पुन्हा चढायला लावू नकोस. आणि या घरच्या बाईला माझ्या दाराशी आणू नकोस. जिवंतपणी नको, आणि माझ्या मातीलाही नको."

"होय, प्रभू."

"ऐक, प्रभू. आमेन."

"आमेन," आम्ही सगळ्यांनी म्हटलं.

मी म्हटलं, करुणाबाईंनी म्हटलं, सोनूबाईंनी म्हटलं. आणि सगळ्यांत ठाम, सगळ्यांत मनापासून आत्याबाईंनी म्हटलं, कारण हयातभर त्यांनी आमेन असंच म्हटलं होतं. देवळात पाळकसाहेबांच्याही वर त्यांचं आमेन ऐकू यायचं.

डोळे उघडले तेव्हा काय मागितलं गेलं ते हळूहळू मनात उतरायला लागलं. करुणाबाई माझ्याकडे बघत होत्या, तोंड उघडं. मी मावशीकडे बघत होते. ती पदर सारखा करत होती.

सोनूबाई पाणावलेल्या डोळ्यांनी पुढे सरकल्या आणि मावशीच्या पाठीवरून हात फिरवला. "फार सुंदर प्रार्थना केलीस गं, मालन. काळीज हललं बघ."

मावशी उठली. दारात जाऊन चपलांत पाय घालू लागली. तेव्हा कुठे आत्याबाईंना आवाज फुटला.

"मालन. खिचडी खाऊन जा गं. मुठीची आहे."

"माझी मूठ नाही तिच्यात, दीनाबाई."

तिनं त्यांना दीनाबाई म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आजवर ताई म्हणायची.

"मी घातली गं. तुझ्या नावाची घातली."

मावशी थांबली. पहिल्यांदाच तिनं आत्याबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "माझ्या नावानं बोललात. आता माझ्या नावानं घालता. माझं मला काही ठेवणार आहात का नाही?" आणि ती गेली. आवाज चढला नव्हता, पाय आपटले नव्हते. खिडकीतून ती जाताना दिसली. नळापाशी थांबली नाही, सरळ गेली.

खिचडी लागल्याचा वास घरभर झाला होता. मी पळत जाऊन पातेलं उतरवलं. परत आले तर सोनूबाईंना करुणाबाई हळू आवाजात समजावून सांगत होत्या आणि सोनूबाई तोंडावर हात धरून "आगं बया, आगं बया" एवढंच म्हणत होत्या. थोड्या वेळानं त्याही काठी टेकत गेल्या.

करुणाबाई आत्याबाईंपाशी बसल्या. "बाई, हे काही खरं धरायचं नाही. रागात केलेली प्रार्थना ही. पुढच्या शुक्रवारी माझ्या घरी जमू. आपण सगळ्या मिळून उलट मागू. देव समजून घेईल."

आत्याबाई जमिनीकडे बघत होत्या. "मी आमेन म्हटलंय."

"नकळत म्हटलंत. सवयीनं म्हटलंत."

"सवयीनं म्हणजे काय हो? आजवर सगळं सवयीनंच म्हणत होते का मी?" त्या वर पाहून म्हणाल्या. "चारचौघींनी मिळून मागितलं, चारचौघींनी आमेन म्हटलं. आजवर मी लोकांना हेच सांगत आले, की असं मागितलेलं देव देतो. आता माझ्यावर आलं म्हणून खोटं म्हणू?"

"अहो पण बाई..."

"देव काय पोरखेळ आहे? शुक्रवारी एक मागायचं, पुढच्या शुक्रवारी खोडायचं?"

करुणाबाई रडत गेल्या. मीही खूप बोलले त्या संध्याकाळी. म्हटलं, "आत्याबाई, तिनं डोळे मिटून सूड उगवला. देवाच्या नावाखाली उगवला."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी केलं ते देवाच्या नावाखाली. तिनं सरळ केलं."

मी ताटात खिचडी वाढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी घास घेतला नाही. सकाळी मी ती सगळी कोंबड्यांना टाकली.

पुढच्या शुक्रवारी सवयीनं मी सतरंज्या काढल्या आणि अंगणात झटकायला घेतल्या. आत्याबाई बाहेर आल्या, माझ्या हातातून घेतल्या, घडी घातली आणि माळ्यावर टाकल्या. बैठक मोडली. करुणाबाईंनी आपल्या घरी दोनदा बोलावून पाहिलं. पहिल्या वेळी कोणी आलं नाही. दुसऱ्या वेळी आलेल्या एकीनं नुसताच चहा घेतला आणि इकडचं तिकडचं बोलून ती घरी गेली, कारण मनातलं बोलायची भीती सगळ्यांच्याच पोटात शिरली होती.

रिबी कधी बाहेर पडली नाही. तिचं लग्न झालं नाही, ती बालवाडीत परत गेली नाही. आत्याबाई नळाकडे जाणं बंद करून बसल्या, मालनमावशीला घागर घेऊन मागे फिरावं लागू नये म्हणून. एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, ते त्यांनी केलं. प्रार्थना मात्र त्यांनी मोठ्यानं पुन्हा कधी केली नाही. देवळात उभं करू पाहिलं तर मान हलवायच्या. शांतवन मास्तरांचा दुसरा गुडघासुद्धा गेला, पण देवाला तो कोणी पत्त्यासकट सांगितला नाही.

कितीतरी वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. शेवटचे दिवस होते. वाचा अडखळत होती, पण डोळे दाराकडे लागलेले असायचे. मला दिसत होतं, कळत होतं. एके दिवशी न राहवून मी मालनमावशीकडे गेले. ती म्हातारी झाली होती, कमरेत वाकली होती. आत खाटेवर पांढऱ्या केसांची रिबी बसली होती. मी म्हटलं, "मावशी, आत्याबाई जात आहेत. एकदा या. पाया पडते."

मावशी मला म्हणाली, "शशी, मी येऊ शकते असं तुला वाटतं?" तिनं दाराच्या चौकटीला हात लावला आणि मागे घेतला. "तूही होतीस की तिथं. तूही आमेन म्हटलंस."

मी परत आले. आत्याबाईंनी डोळ्यांनीच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खोटं सांगावं असं वाटलं होतं, पण त्या बाईशी मला कधी खोटं बोलता आलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. खूप वेळानं, पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात, त्या म्हणाल्या, "आमेन."

जुन्या सवयीनं माझ्याही ओठांवर ते आलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि ते बाहेर पडू दिलं नाही.